तानपुरा म्हणजे गोंगाट?

गेल्या अंकात मी सहज लिहून गेलो की माझ्याकडे शिकणारी निम्मी मुलं आता दारातून न येता मोबाईलच्या पडद्यातून येतात. त्यावर इतकी पत्रं आली, की संपादकांनी या वेळी दुसरा विषय घेऊच नका म्हणून बजावलं. त्यातली काही इथे घेतो आहे. एक आधीच सांगून ठेवतो. मी 46 वर्षं गवयांच्या डाव्या हाताला पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेऊन बसलेला माणूस. तेव्हा जे सांगेन ते डाव्या बाजूने दिसलेलं आहे.

काका, माझी 11 वर्षांची मुलगी दर शनिवारी ऑनलाइन गाणं शिकते. बाई दादरला, आम्ही मुलुंडला. बाई म्हणतात तानपुऱ्याबरोबर गा, पण आम्ही ॲपवर तानपुरा लावला तरी तो त्यांना ऐकूच जात नाही. मधूनच मुलीचा आवाजही गायब होतो. इंटरनेट बदललं, फोन बदलला. असं शिकण्यात काही अर्थ आहे का?
— एक आई, मुलुंड

ताई, आता आणखी काही बदलू नका, पैसे वाचवा. दोष तुमच्या इंटरनेटचा नाही. हे व्हिडिओ कॉलचं प्रकरण मुळात ऑफिसातल्या मीटिंगांसाठी बनलेलं. त्याची समजूत अशी, की जो आवाज तुटक-तुटक, बोलल्यासारखा येतो तो माणसाचा आणि जो एकसारखा चालू राहतो तो पंख्याचा नाहीतर एसीचा. आता आपला तानपुरा काय करतो? एकसारखा चालू राहतो. दुसरं काही करणं त्याला माहीतच नाही. म्हणून ते यंत्र त्याला गोंगाट समजून पुसून टाकतं. तुमच्या मुलीने 'सा' नीट, स्थिर, लांब लावला की थोड्या वेळात तिचाही पंखा होतो. म्हणजे बघा, सूर जितका चांगला लागेल तितका तो गायब होण्याची भीती जास्त. हे मला कळलं त्या दिवशी मी एकटाच हसत बसलो होतो.

यावर उपाय आहे. बहुतेक ॲपांत संगीतासाठी वेगळी सोय असते, कुठे 'ओरिजिनल साऊंड' असं नाव असतं, कुठे आवाजाची सफाई बंद करण्याचं बटण. ते दोन्हीकडे, म्हणजे बाईंच्या फोनवरही करायला हवं. आवाजाची पातळी आपोआप सारखी करण्याची सोयही बंद करा. ती मंद्रातला हलका सूर वर ओढते आणि तारसप्तकातला दाबते, आणि बाईंना वाटतं पोरगी सपाट गाते. तानपुरा मुलीजवळ दुसऱ्या फोनवर लावा. तो आधी तिला ऐकू यायला हवा, बाईंना मागाहून आला तरी चालेल.

मात्र एक गोष्ट कुठलंही बटण दाबून मिळत नाही. 2020 च्या टाळेबंदीत आम्ही तिघांनी एक खटाटोप केला होता. गाणाऱ्या बाई पार्ल्यात, तबलजी ठाण्यात, मी गोरेगावात. यमनची मध्यलयीची बंदिश. बाईंनी मुखडा घेतला, तबलजींनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दिली, ती बाईंना ऐकू आली तोवर त्या पुढे निघून गेल्या होत्या. मग त्या तबल्यासाठी थोड्या थांबल्या. तबलजी बाईंसाठी थांबले. असं एकमेकांना 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दहा मिनिटांत बंदिश विलंबितात, म्हणजे अगदी संथ लयीत, जाऊन पोहोचली. मी तर गवयाच्या मागून वाजवणारा, म्हणजे उशिराच्याही उशिरा.

नंतर मी कागदावर हिशेब केला. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. कॉलवर आवाज पोहोचायला सेकंदाचा पाचवा भाग लागला, तर तबलजी 68 मीटर लांब बसल्यासारखे झाले. लोकलचा डबा सुमारे 20 मीटरचा. म्हणजे गवई पहिल्या डब्यात आणि तबलजी चौथ्या डब्यात! द्रुत तीनतालात मिनिटाला 240 मात्रा धरल्या, तर एक मात्रा पाव सेकंदाची. जवळजवळ अख्खी मात्रा प्रवासातच गेली. मैफलीत आम्ही हातभर अंतरावर गुडघे जुळवून उगाच बसत नाही.

तालमीतही तेच. गुरू आणि शिष्य एका वेळी गातात, गुरूच्या आवाजाखाली आपला आवाज सरकवायचा असतो, तेव्हा कुठे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, कशी वळते ते कळतं. कॉलवर हे होत नाही. तिथे बाई गाणार, मग मुलगी गाणार, पाळीपाळीने. पलटे होतील, बंदिश पाठ होईल, स्वरलिपी होईल. हे काही थोडं नाही, त्यामुळे बंद करू नका. पण महिन्यातून दोनदा तिला घेऊन दादरला जा. मुलुंडहून जलद लोकलने अर्ध्या-पाऊण तासाचा तर प्रवास. बाईंच्या मागे तिला खराखुरा तानपुरा घेऊन बसू द्या, गायला नाही मिळालं तरी.

पेटीवाले, माझं वय 78. गिरगावात गणपतीत पहाटेपर्यंत बसून गाणी ऐकलेली. परवा नातवाने फोनवर एका गायिकेची तान दाखवली, 30 सेकंदांची. म्हटलं पुढचं दाखव. तो म्हणाला, पुढचं नाहीच आजोबा, एवढंच आहे. शास्त्रीय संगीत आता एवढंच उरणार का?
— एक जुना श्रोता, गिरगाव

आपण माझ्याहून वडील, म्हणून जपून बोलतो. पण गाणं कापून विकायला सुरुवात आपल्या नातवाच्या पिढीने केलेली नाही. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायस्बर्ग कलकत्त्यात आले आणि नोव्हेंबरात गायिका गौहर जानचं गाणं त्यांनी तबकडीवर उतरवलं. जेमतेम तीन मिनिटं. शेवटी त्या इंग्रजीत ओरडून सांगतात, 'माय नेम इज गौहर जान!' तबकड्या छापायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कारागिरांना कुठली कुणाची हे कळावं म्हणून. रात्र-रात्र गाणाऱ्या माणसांना तीन मिनिटांत बसवायचं म्हणजे तेव्हाही लोकांनी कपाळाला हात लावला असणार.

पण त्या तीन मिनिटांत गाणाऱ्याने स्वतः घर मांडलेलं असे. मुखडा, चार आलाप, अंतरा, तान, परत मुखडा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या काढा. तीन मिनिटं आहेत हे घड्याळ सांगतं, गाण्यात घाई कुठे सापडत नाही. भीमसेन जोशींनी पोरवयात त्यांच्याच ठुमरीची तबकडी ऐकली आणि 1933 साली, अकरा वर्षांचे असताना, गुरू शोधायला घर सोडलं. ग्वाल्हेर, जालंधर अशी वणवण करून शेवटी कुंदगोळला सवाई गंधर्वांपाशी पोहोचले, म्हणजे त्या तबकडीतल्या आवाजाच्याच शिष्याकडे. तीन मिनिटांनी मुलगा घराबाहेर काढला. 30 सेकंदांनी कुणी घराबाहेर पडल्याचं अजून माझ्या कानावर नाही. ती ऐकून माणूस बोट वर सरकवतो आणि पुढची ऐकतो.

रीलमधली तान कुठून निघाली आणि कुठे जाऊन पडली हे त्यात नसतं. आधीचा अर्धा तास कापला की उरते ती कसरत. आणि आता गवयांनाही ते कळलेलं आहे. गेल्या हिवाळ्यात पार्ल्यात मी साथीला होतो. पंचवीस मिनिटं विलंबित चाललं, एकही फोन वर नव्हता. द्रुत सुरू झाल्याबरोबर पुढच्या चार रांगांतून फोन उगवले. कार्यक्रमाआधी ग्रीनरूममध्ये त्या तरुण गवयाने मला हळूच विचारलं होतं, "काका, तिहाई घेताना माझ्याकडे बघून जरा हसाल का? क्लिप करायची आहे." मी हसलो. खोटं कशाला सांगू, त्यात माझाही चेहरा बरा आला आहे.

गाणं कोणामुळे बुडणार याची यादी जुनी आहे आणि त्या यादीत माझं वाद्यही होतं. पेटीला मींड नाही, श्रुती नाही, ती गाण्याचा सत्यानाश करणार, असं म्हणून ऑल इंडिया रेडिओने 1940 साली तिच्यावर बंदी घातली. 1971 पर्यंत ती सुटली नाही. आरोप खोटा नव्हता बरं का. पेटीवर मींड खरंच येत नाही, मी आयुष्यभर ती येते असं भासवत आलो. तेव्हा रीलवाल्यांना बोलताना मी जरा आवाज खाली ठेवतो.

आणि आपण पहाटेपर्यंत बसत होता हे खरंच, पण पहाटे आपल्या आजूबाजूला किती जण उरायचे तेही आठवून पाहा. मला मंचावरून दिसायचं.

मी 24 वर्षांचा आहे, आयटीत आहे. घरात कुणी गाणं ऐकणारं नाही. मला शास्त्रीय ऐकायचं आहे, पण नेटवर हजारो तासांचं पडलं आहे आणि कुठून सुरू करू कळत नाही. लावतो आणि दहा मिनिटांत दुसरंच ऐकायला लागतो.
— एक वाचक, ठाणे

तुला अरे-तुरे करतो, नातवाच्या वयाचा आहेस. तुझी अडचण मला समजायला वेळ लागला, कारण आमची बरोब्बर उलटी होती. आमच्या घरी मोजून अकरा तबकड्या. त्या इतक्या वेळा ऐकल्या, की कुठे ओरखडा येतो तोही सुरात पाठ. नवी तबकडी आली की महिनाभर तीच. ती गरिबी होती, तिचं कौतुक करत नाही, पण तिने कान तयार केले.

मग तू मुद्दाम थोडा गरीब हो. आधी ते आपोआप पुढचं लावणारं बटण बंद कर. भूप संपल्याबरोबर ते यंत्र तुला झोपेसाठी बासरी लावून देतं, आणि तुला वाटतं हे त्याचंच पुढचं. महिनाभर फक्त एक राग घे. भूपच घे. सा, रे, ग, प, ध, पाचच स्वर. किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐक, दुसऱ्या दिवशी परत तोच ऐक, मग मल्लिकार्जुन मन्सूरांचं गाणं ऐक. फोनच्या स्पीकरवर नको. त्यातून तानपुऱ्याचा खर्ज येतच नाही, म्हणजे भिंतीच नसलेल्या घरात बसल्यासारखं. साधा हेडफोन चालेल. महिना झाला की सकाळी ऑफिसला जाताना देसकार लाव. स्वर तेच पाच. पण भूप संध्याकाळचा आणि गंधारापाशी, म्हणजे 'ग'पाशी, घोटाळणारा, तर देसकार सकाळचा आणि सगळा जीव धैवतावर, म्हणजे 'ध'वर. तेच पाच स्वर असून हा दुसरा माणूस कसा झाला, हे ज्या दिवशी जाणवेल त्या दिवशी मला पत्र टाक. नाही जाणवलं तरी टाक.

आता नेटच्या बाजूनेही बोलायला हवं. आमच्या तरुणपणी मुंबईत मैफल एकतर शेवटच्या लोकलच्या हिशेबाने संपायची, नाहीतर मग पहिली लोकल सुरू होईपर्यंत चालायची, मधलं काही नाही. त्यामुळे रात्री दोनचा दरबारी दोनला ऐकायला मिळायचा आणि पहाटे ललत, भैरव. आता 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. तो नियम बरोबर आहे, माझी तक्रार नाही. बंद सभागृहातही सहा ते साडेनऊच्या वेळेत बसवायचं म्हणजे यमन, पूरिया, मारवा, बिहाग, बागेश्री आणि घाईची भैरवी. माझ्याच हातांनी गेल्या दहा वर्षांत सार्वजनिक मंचावर भटियार किती वेळा वाजवला असेल? दोनदा. तोडी, जौनपुरी, देसी या सगळ्यांना मुंबईत एखाद्या रविवारच्या प्रातःकालीन सभेपुरती जागा उरली आहे. हे राग ज्याच्या-त्याच्या वेळेला ऐकायची सोय आज जर कुठे असेल तर तुझ्या खिशात आहे. पहाटे पाचला उठून ललत ऐकणारा एकजण तरी ठाण्यात असेल, तर तो या फोनमुळेच.

तरी महिन्यातून एकदा प्रत्यक्ष ऐक. विनामूल्य मैफली दादर-माटुंगा-पार्ले पट्ट्यात अजून होतात. पुढे बस. गवयाने श्वास कुठे घेतला ते दिसलं पाहिजे.

मी यमनमधली जुनी पारंपरिक बंदिश गाऊन नेटवर टाकली, तर एका कंपनीची नोटीस आली की हे आमच्या मालकीचं आहे. तीनशे वर्षांपूर्वीची बंदिश कंपनीची कशी?
— एक गायिका, कल्याण

नाहीच ती कंपनीची. कंपनीकडे असते तिच्या ध्वनिमुद्रणाची मालकी. कुणी तीच बंदिश त्यांच्यासाठी गायली, ती यंत्रात नोंदली गेली, आणि तुमचा मुखडा व तानपुरा त्याच पट्टीत निघाल्यावर यंत्राला दोन्ही एकच वाटलं. माणसाने पाहिलेलंच नसतं. आक्षेप नोंदवा, 'पारंपरिक बंदिश, आवाज माझा, साथ अमुक' एवढं स्वच्छ लिहा. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी रचना मोकळी होते. म्हणजे जुने बंदिशकार सदारंग कधीच मोकळे. 'चतुर' या मुद्रेने, म्हणजे बंदिशीत घातलेल्या टोपणनावाने, रचना करणारे भातखंडे 1936 साली गेले, तेही मोकळे. पण कुमार गंधर्व 1992 साली गेले, त्यांच्या बंदिशींना अजून वेळ आहे, तिथे परवानगीचं पाहा.

गंमत अशी, की आपल्याकडे मालकी बंदिशीच्या पोटातच लिहिलेली असते. सदारंग, अदारंग, प्रेमपिया, प्राणपिया. अंतऱ्यात नाव येतं, गाणारा ते गातो, आणि कुणाला नोटीस जात नाही. बंदिशी लपवून ठेवणारे उस्तादही होते, म्हणून तर वाळकेश्वरात जन्मलेल्या त्या भातखंडे वकिलांना गावोगाव फिरून त्या गोळा करून क्रमिक पुस्तकांचे सहा भाग छापावे लागले. पुस्तकातून गाणं शिकतात का, असं तेव्हाही विचारत होतेच.

कृत्रिम बुद्धिमत्ता उद्या ख्याल गाईल का?
— एक वाचक, बोरिवली

गाईल. कदाचित सुरेलही गाईल. पण मी ज्यांच्या शेजारी बसलो त्या मोठ्या गवयांना तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या 'सा'कडे, जाताना आज तो लागेल की नाही याची धाकधूक असायची, त्यांची मांडी हलायची, मला दिसायचं. यंत्राच्या शेजारी मी कशाला बसू?

माझ्या यजमानांनी वीस वर्षं मैफलींना जाऊन, कलाकारांना विचारून, ध्वनिमुद्रणं केली. 140 कॅसेटी आहेत. ते गेले. मुलगा म्हणतो सगळं नेटवर मिळतं आई, टाकून दे. टाकू का?
— एक वाचक भगिनी, दादर

वहिनी, टाकू नका. दोन दिवस थांबा म्हणत नाही, आजच पाहा. मुंबईच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरते. फितीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती कॅसेट लावू नका, ती टेपरेकॉर्डरच्या हेडला लागून पुढच्या दहा खराब करते. अशा बाजूला काढा, त्या जाणत्या माणसाकडून साफ करून घ्या. उरलेल्या संगणकावर उतरवून घ्या, मोठी वेव्ह फाइल ठेवा, लहान केलेली एमपी3 नंतर कधीही करता येते. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कव्हरवर यजमानांच्या अक्षरात जे असेल त्याचे फोटो काढा: तारीख, जागा, राग, साथीला कोण. आवाज नेटवर मिळेलही, ते अक्षर मिळणार नाही. लोकांसाठी टाकण्याआधी कलाकारांच्या घरच्यांना विचारा. यजमानांनी विचारून मुद्रण केलं, आपणही विचारू.

हे एवढं पोटतिडकीने सांगतो कारण माझ्या कॅसेटी 26 जुलै 2005 ला गेल्या. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पाऊस झाला त्या दिवशी माझं तळमजल्यावरचं घर कमरेपर्यंत भरलं. पेटी मी डोक्यावर धरून पोटमाळ्यावर नेली. कॅसेटी खालच्या कपाटात होत्या. दुसऱ्या दिवशी चिखलातून काढल्या तेव्हा फिती शेवयांसारख्या बाहेर आल्या होत्या. त्यात 1987 ची दादरची एक मैफल होती, बुवांचा मालकंस, दीड तासाचा. बुवा नंतर फार वर्षं राहिले नाहीत. तसा मालकंस मी पुन्हा ऐकला नाही, आणि तो आता फक्त माझ्या डोक्यात आहे असं धरून चाललो होतो.

दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने दुवा पाठवला. त्या रात्री सभागृहात मागे बसलेल्या कुणीतरी स्वतःच्या टेपवर तो घेतला होता, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या घरच्यांनी तो नेटवर ठेवला. खोकले आहेत, दूरवर गाडीचा भोंगा आहे, पण बुवा आहेत. खाली व्यवस्थित लिहिलं आहे: गवयाचं नाव, तबलजींचं नाव, राग, साल. आणि शेवटी, 'हार्मोनियम: अज्ञात'.

मुलं म्हणतात, काका, नाव कळवा की त्यांना, लगेच बदलतील. कळवायचं मनात आहे. पण सव्विसाव्या मिनिटाला माझ्या बोटाखाली कोमल धैवताऐवजी शुद्ध धैवत गेला आहे, मालकंसात, आणि बुवांचं माझ्याकडे वळून "हं?" म्हणणंही त्यात स्वच्छ ऐकू येतं.